बल्लवाचा व्यवसाय आणि रोह्यातील तरुण पिढी

रोहा, पेण, अलिबाग या परिसरात थंडी पडली की शेतोशेती पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा घालावयाचा. पाण्याचा थेंबही नाही. मडके उपडे ठेवून भोवती जाळ केला की शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. जाणता माणूस तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब उडवून पोपटी झाली की नाही ते सांगतो. उष्णता आणि वाफ यांचा हा धडा ज्या मुलांना शेताच्या बांधावर मिळतो, त्यांच्या पालकांना स्वयंपाक हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे हे पटवून द्यावे लागावे, याचे नवल वाटते. भीमासारख्या योद्ध्याने विराटाच्या घरी बल्लव म्हणून वर्ष काढले, त्यात त्याला कमीपणा वाटला नव्हता.

मात्र हाताला चव असणे आणि व्यवसाय येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरी मीठ अंदाजाने पडते. खाणावळीत दोनशे पानांना रोज तीच चव द्यावी लागते. म्हणून प्रमाण लिहून ठेवावे लागते आणि वजन करूनच जिन्नस घ्यावा लागतो. सुरी धरण्यापासून शिक्षणाचा आरंभ होतो, कारण फोडी सारख्या नसतील तर काही कच्च्या राहतात, काही विरघळतात. पुढे स्वच्छता. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेला पदार्थ एक तर चांगला गरम राहिला पाहिजे, नाही तर लवकर थंड केला पाहिजे. कच्ची मासळी कापलेल्या फळीवर कोशिंबीर चिरणे हा निव्वळ गलथानपणा नव्हे, गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे.

सर्वांत उपेक्षित विषय हिशेबाचा. किलोभर मासळी साफ केल्यावर किलोभर उरत नाही. डोके, खवले, काटे यांचे पैसेही ताटातल्या तुकड्यांवरच बसवावे लागतात. उत्तम हाताची माणसे धंद्यात बसतात ती बहुधा येथेच.

या शिक्षणाची वाट महाराष्ट्राला नवी नाही. अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईत खानपान व्यवस्थेचे शिक्षण देणारी संस्था काढली. आज ती दादरला आहे. घरची चूल स्त्रीकडे आणि पगाराची चूल पुरुषाकडे, ही वाटणी ज्यांना स्वाभाविक वाटते त्यांनी हा इतिहास पाहावा. बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन अशा संस्थांत पदवी घेता येते. दहावी झालेल्यांसाठी अन्न उत्पादनाचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांतही एक वर्षाचा अन्न उत्पादनाचा व्यवसाय मोडतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेत प्रत्यक्ष स्वयंपाकघरातही शिकता येते.

पालकांपासून कष्ट लपवू नयेत. आरंभीची वर्षे कांदे सोलण्यात आणि भट्टीच्या आचेत उभे राहण्यात जातात. सणाच्या दिवशी इतरांना सुटी आणि बल्लवाला दुप्पट काम. रोह्याहून रेल्वे आहे खरी, परंतु पहाटे किंवा मध्यरात्री सुटणारे हे काम रोजच्या ये-जा करण्यातून साधत नाही. मुलगी शिकावयास निघाली की प्रश्न शुल्काच्या आधी वसतिगृहाचा येतो, आणि पंचायत सदस्यांनी चौकशी करावयाची ती तिचीच.

शिकून आलेल्यास धाटावच्या कारखान्यांची उपाहारगृहे, कोलाडला कुंडलिकेवर येणारे पर्यटक, मुंबई-गोवा महामार्ग ही क्षेत्रे जवळच आहेत. त्याआधीचा पहिला पाठ गावच्या शाळेतही देता येईल. पोषण आहारात प्राथमिक विद्यार्थ्यास १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक विद्यार्थ्यास १५० ग्रॅम धान्य धरलेले आहे. पटावर अनुक्रमे ८० आणि ४० मुले असतील तर १४ किलो तांदूळ लागेल. आज १८ मुले गैरहजर आहेत, तर किती शिजवावा, हे शिक्षकांनी मुलांनाच विचारावे.