मालकाच्या जोखमीवर



विषय मोठा दिलाय. सरकार आणि कंपन्या मिळून यंत्रांचे, विजेचे, तंत्रज्ञानाचे प्रकल्प उभे करतात, त्यात जोखीम कुणी किती उचलायची? मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो. अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाय. पण दोर तुटला की खोका कुणाच्या अंगावर येतो, हे टोळीतल्या प्रत्येकाला न शिकवता कळतं. मालाचा विमा आधी उतरतो. माणसाच्या भरपाईसाठी खेटे घालावे लागतात.

म्हणून हवेत बोलत नाही. एकच प्रकरण घेतो. दाभोळ. एन्रॉन. हा करार झाला तेव्हा मी जन्मलो नव्हतो, तुमच्यातलेही बरेच नसतील. फेड मात्र आपल्या आईबापांनी केली.

१९९१ नंतर दिल्लीनं वीजनिर्मिती खाजगी कंपन्यांना मोकळी केली. जून १९९२ मध्ये अमेरिकेची एन्रॉन आणि आपलं वीज मंडळ यांच्यात समजुतीचा करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार, मुदत वीस वर्षं. जाहीर निविदा नाही, दुसऱ्याचा भाव मागवला नाही. त्याच १९९३ साली जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज नाकारलं, परवडणारा नाही म्हणून. जागतिक बँक म्हणजे काय कम्युनिस्ट पार्टी नव्हे!

आधी कंपनीची बाजू बघू. पैसा परका, मंडळाची तिजोरी कमजोर, सरकारं येतात नि जातात. सावकार म्हणतो, हमी द्या. ही मागणी खोटी नाही. जोखीम वाटून घ्यायला हरकत कुणाची? पण वाटणीला नियम पाहिजे. जी जोखीम ज्याला आवरता येते ती त्याच्या डोक्यावर. क्रेनवाल्यानं ब्रेक बघायचा, दोर बांधणाऱ्यानं गाठ.

आता या नियमानं दाभोळ तपासा.

एक, बांधकामाची जोखीम. केंद्र उभं करणं, यंत्र चालतं ठेवणं. ही कंपनीकडं. बरोबर.

दोन, इंधनाची. आराखडा कंपनीचा: आधी नाफ्था, पुढं परदेशातून आणलेला द्रवरूप वायू. भाव चढला तर? मंडळानं भरायचा.

तीन, डॉलरची. पैसे डॉलरच्या हिशेबात. रुपया घसरला तर? मंडळ.

चार, गिऱ्हाइकाची. केंद्र नव्वद टक्के तयार असलं की झालं. मंडळानं वीज घेवो न घेवो, स्थिर आकार भरायचाच.

पाच, मंडळाकडं पैसेच नसले तर? राज्य सरकारची हमी. राज्यानं हात वर केले तर? केंद्राची प्रतिहमी.

पाचातली एक कंपनीकडं, चार आपल्याकडं. याला वाटणी म्हणतात? मालाच्या पावतीवर शिक्का असतो, ‘मालकाच्या जोखमीवर’. तोच शिक्का इथं मारला. सरकारचे मालक आपण, असं निवडणुकीत सांगतात ना? मग मालकाला करार दाखवायला नको? ते कागद बरेच दिवस गुप्त ठेवले.

१९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवायची भाषा झाली. शिवसेना-भाजपचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्द केला. टाळ्या पडल्या. १९९६ च्या सुरुवातीला तोच प्रकल्प आणखी फुगवून परत आणला, दोन टप्पे मिळून दोन हजार मेगावॉटच्या वर. दर थोडा उतरवला, जोखमीची वाटणी तीच. केला काँग्रेसनं, वाढवला युतीनं. झेंडे बदलले, कलमं नाय.

आणि एक सहावी जोखीम होती, जी कुठल्याच कलमात नव्हती. जमिनीची, खाडीची, मासळीची. गुहागर तालुक्यात वेलदूरच्या कोळी बायाबापड्यांनी विरोध केला. १९९७ साली लाठ्या पडल्या, अटका झाल्या. ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ च्या अहवालात ते नोंदवलंय. कंपनीच्या भांडवलाला दोन दोन सरकारांची हमी; कोळणीच्या डोक्याला एकाचीही नाही.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. इंधन महागलं, रुपया उतरला, मंडळाला सगळी वीज घेणं जमेना. घेतली कमी आणि स्थिर आकार पुरा, म्हणून युनिटचा भाव कधी सात रुपयांच्या वर गेला. हप्ते थकले. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीनं केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मे अखेर केंद्र बंद. आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर, स्वतःच्या हिशेबातल्या लबाडीनं! आपण बुडू म्हणून हमी मागणारा आधी स्वतः बुडाला. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या पुढं करून तो सांगाडा उभा करावा लागला. भारतीय बँकांचं कर्ज अडकलं होतं ते वेगळं. म्हणजे शेवटी पुन्हा आपणच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, विजेचं कामही त्यांच्याकडं. १९४३ साली वीजधोरणाच्या समितीपुढं बोलताना त्यांनी वीज सरकारची असावी की खाजगी हा प्रश्न मांडला, आणि स्वस्त, मुबलक वीज कशानं मिळेल या कसोटीवर तो आणून ठेवला. दाभोळला ही कसोटी लावायला कुणाला सुचलं नाही? सुचलं असेल. परवडलं नसेल.

आता नवे प्रकल्प येताहेत. २०२१ च्या केंद्राच्या योजनेत विजेचे स्मार्ट मीटर कंपनीनं बसवायचे, आणि वितरण करणाऱ्यानं दर मीटरमागं महिन्याला वर्षानुवर्षं पैसे द्यायचे. हे दाभोळच आहे असं मी म्हणत नाही. मीटर चालला तरच पैसा, असं कलम असेल तर ते चांगलंच. पण तपासल्याशिवाय मान डोलवायची नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज टाका आणि विचारा:

स्पर्धा झाली का? भाव वाढला तर कोण भरणार? काम बंद पडलं तर पैसा थांबतो का? कंपनी पळाली तर मालमत्ता कुणाची? आणि यंत्राची चूक झाली तर वस्तीतल्या म्हातारीनं कुणाच्या दारात जायचं?

घोषणा आपल्याला येतात, मित्रांनो. आता कलमं वाचायला शिका. प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि दोन पोरी करार वाचणाऱ्या तयार झाल्या पाहिजेत. जे समजणार नाही ते चौघांत बसून वाचा, तरी नाही समजलं तर सही करणाऱ्यालाच घेरा आणि समजावून मागा. आपल्या नावावर हमी लिहून देणाऱ्याला आधी आपल्याला विचारावं लागेल.

जय भीम.