पाटीच्या आधी अंगण

(प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत सदस्य यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर पटनोंदणी आहे, पोषण आहार आहे, शाळेच्या पत्र्यांची दुरुस्ती आहे. त्या सर्वांच्या मागे, जेवणाच्या सुट्टीच्या अगदी अलीकडे, माझा विषय ठेवला आहे : मुलांसाठी साध्या शारीरिक हालचाली. शारीरिक शिक्षणाच्या तासाला आपल्या वेळापत्रकातही असेच स्थान असते. तास कागदावर असतो. परंतु गणिताचा धडा मागे पडला, तपासणी जवळ आली, चाचणी तोंडावर आली, की पहिला बळी त्याचाच जातो. आणि ज्याने गृहपाठ केला नाही त्याला शिक्षा कोणती, तर इतर मुले खेळावयास जातील तेव्हा त्याने वर्गात बसून लिहावे. हे मी कोणाचे दोष काढण्यासाठी सांगत नाही. एकतीस वर्षे मी प्राथमिक शिक्षक होतो आणि त्यांतील पहिली कित्येक वर्षे मी स्वतः हेच करीत आलो.

नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा पाटीवर जवळजवळ आडवा होऊन लिहीत असे. डावे कोपर पाटीवर, गाल कोपरावर, आणि उजव्या मुठीत पेन्सिल खुंटीसारखी आवळलेली. चार अक्षरे झाली की हात झटकी आणि खिडकीबाहेर पाही. 'नीट बस' असे मी त्याला दिवसातून वीस वेळा सांगत असे आणि शिक्षा म्हणून दोन ओळींऐवजी दहा ओळी लिहावयास लावीत असे. एके दिवशी पावसाची सर ओसरल्यावर मुलांनी आवारात लंगडीचा डाव मांडला. हा मात्र ओट्याशी उभा. मी त्याला हाताला धरून रिंगणात आणले, तेव्हा दोन अंक मोजून होण्याच्या आतच त्याचा दुसरा पाय जमिनीला टेकला. डाव्या पायाचे तेच, उजव्या पायाचेही तेच. पुढे त्याच्या आजीकडून कळले की मोठ्या दुखण्यामुळे त्याचे एक अख्खे वर्ष अंथरुणावर गेले होते. ज्या मुलाला एका पायावर दोन क्षण तोल सांभाळता येत नाही त्याची पाठ पाऊण तास ताठ कशी राहणार, हा साधा प्रश्न तोपर्यंत मला सुचलेला नव्हता.

त्यानंतर मी त्याला रोज खेळावयास सोडू लागलो. वार्षिक परीक्षेपर्यंत तो बरा बसू लागला. अक्षर सुंदर झाले नाही, पण वाचता येऊ लागले. त्यात खेळाचा वाटा किती आणि वाढत्या वयाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दहा ओळींच्या शिक्षेचा वाटा मात्र त्यात काहीच नव्हता, एवढे निश्चित.

मुलाला आपल्या शरीरावर ताबा मिळतो तो वरून खाली आणि मध्यापासून टोकांकडे. तान्हे मूल आधी मान धरते, मग बसते, मग उभे राहते. हाताचेही तसेच आहे. प्रथम खांदा स्थिर होतो, नंतर कोपर, नंतर मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा कूर्चेचीच असतात आणि पुढे, साधारणपणे वर्षाला एखादे अशा बेताने, त्यांत हाड धरू लागते. सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातही हे काम पुरे झालेले नसते. शेवटच्या हाडाची पाळी नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. सहाव्या वर्षी मुलाने लिहू नये, असा याचा अर्थ नाही. परंतु साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून पानेच्या पाने भरून घेणे हे त्याच्या हाताला न पेलणारे ओझे आहे, हे मात्र त्यातून स्पष्ट होते. अंगणवाडीच्या ताईंची अडचण मला ठाऊक आहे. शेजारच्या गावातील पोरे एबीसीडी लिहितात आणि आमची नुसती नाचतात, असे पालक येऊन ऐकवितात. त्या पालकांना आपल्या मुलाचे मनगट हातात घेऊन पाहावयास सांगा.

आणखी एक गोष्ट. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके कोणत्या दिशेला वळले याची वर्दी त्या मेंदूला देतात. स्नायू आणि सांधे आपली वर्दी निराळी देतात, डोळे निराळी. या सर्वांचा मेळ बसला म्हणजे तोल साधतो. हा मेळ झोके घेऊन, गिरक्या मारून, पडून, पुन्हा उठून बसतो. तोंडी उपदेशाने तो बसत नाही. मोठ्या माणसाला स्वस्थ बसणे ही विश्रांती वाटते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र त्यासाठी पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना सतत कामाला लावावे लागते, आणि ते थकले की मूल चुळबुळ करू लागते. तिला आपण खोडी म्हणतो.

आता प्रत्यक्ष काय करावे, हे सांगतो. परिपाठानंतर दहा मिनिटे आणि पुढे दर दोन तासिकांच्या मध्ये दोन-तीन मिनिटे, एवढाच वेळ मी मागतो आहे.

जमिनीवर खडूने किंवा चुन्याने पंधरा-वीस पावलांची सरळ रेषा आखावी. मुलांनी अनवाणी, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवीत तिच्यावरून चालावे. आठवड्याने रेषा नागमोडी करावी. पुढे हातात पाण्याने काठोकाठ भरलेले फुलपात्र द्यावे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत रेषेवरून चालण्याच्या या पाठाला मोठे स्थान आहे. पाणी सांडू नये म्हणून पाऊल जपून टाकणारे मूल आपोआप कसे गप्प होते, हे एकदा पाहावे. चाळीस मुलांच्या वर्गाला 'शांत बसा' म्हणून ओरडण्यापेक्षा हा उपाय मला अधिक गुणकारी वाटला.

दुसरा पाठ एका पायावर उभे राहण्याचा. तीन वर्षांचे मूल क्षणभर उभे राहते, चार-साडेचार वर्षांचे एका पायावर उडी मारू लागते. ज्याला जमत नाही त्याने भिंतीला एक बोट लावून आरंभ करावा. आठ-दहा अंक मोजेपर्यंत तोल टिकू लागला की बोट काढावे. दोन्ही पायांवर करावे. मुले नेहमीच्या पायावर उभी राहून दुसरा टाळतात.

तिसरा, प्राण्यांच्या चाली. बेडूकउडी, चारही 'पायां'वर डुलणारा हत्ती, आणि हात मागे टेकून पोट आभाळाकडे करून चालणारा खेकडा. या चालींत शरीराचा भार तळहातांवर आणि खांद्यांवर येतो, आणि पुढे लेखनाला तोच खांदा उपयोगी पडतो. पावसाळ्यात आवार चिखलाचे झाले, की वर्गातच मुलांनी दोन्ही तळहातांनी भिंत रेटावी, उजव्या हाताने डावा गुडघा व डाव्या हाताने उजवा गुडघा शिवत जागच्या जागी चालावे, गुरुजींनी वाजविलेला टाळ्यांचा ठेका ऐकून तसाच परत वाजवावा. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ज्या आज्ञेच्या आधी हे दोन शब्द नाहीत ती पाळावयाची नाही. ऐकणे, लक्षात ठेवणे आणि उठू पाहणारे अंग आवरणे, या तिन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी कराव्या लागतात. वाचावयास बसलेल्या मुलालाही याच तिन्हींची गरज असते.

बोटांसाठी ओल्या फडक्याला पीळ देणे, माती मळणे, शेंगा सोलणे, चिंचोके निवडणे, आणि आपले सागरगोटे. अक्षर प्रथम हवेत अख्ख्या हाताने काढावे, मग वाळूत बोटाने, मग फळ्यावर खडूने, आणि त्यानंतर पाटीवर. पंतोजींच्या जुन्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवीत असे. छडीपायी ती शाळा आपण टाकली ते योग्यच झाले. धूळपाटी तेवढी ठेवावयास हवी होती.

हे सारे आपल्या घरचेच आहे. ठिकरीच्या घरांत अंक लिहिले की उडी मारता मारता बेरीज होते. एक घर सोडून उडी मारली की दोनचा पाढा होतो. फुगडी, लेझीम, भोवरा, विटीदांडू यांची निराळी शिफारस करावयास नको. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी बिया, पाने, शंख-शिंपले यांनाच साधने केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणावर नेली. 'अंगणवाडी' हा शब्दही ताराबाईंचाच. त्या शब्दात अंगण आहे, हे आपण एका खोलीच्या अंगणवाड्या बांधताना विसरून गेलो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. अमुक व्यायामाने मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात, गळ्याखालच्या अमुक जागा चोळल्या की वाचन सुधारते, असा प्रचार करणारी पुस्तके व शिबिरे हल्ली पुष्कळ निघाली आहेत. १९८० च्या सुमारास अमेरिकेतून निघालेल्या अशा एका पद्धतीची अभ्यासकांनी छाननी केली, तेव्हा या दाव्यांना भक्कम आधार आढळला नाही. शाळेचे पैसे त्यावर खर्च करू नयेत. हातांनी गुडघे शिवावयास मी आताच सांगितले, ते अंग मोकळे व्हावे म्हणून. त्याने गणित येईल म्हणून नव्हे. आपल्याला सांगता येते ते थोडके आहे, पण ते भरवशाचे आहे. २०१० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने शाळेतील शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांविषयीची पन्नास संशोधने एकत्र तपासली. त्यांत नोंदलेल्या २५१ संबंधांपैकी निम्म्याहून किंचित अधिक अनुकूल निघाले, जवळजवळ निम्म्यांत फरक दिसला नाही, आणि प्रतिकूल निघाले ते अवघे दीड टक्का. म्हणजे खेळाला वेळ दिल्याने अभ्यास बुडतो, ही जी भीती आपण बाळगतो तिला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तास हालचाल, आणि २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास चांगली दमछाक करणारी हालचाल सांगितली आहे. माझी दहा मिनिटे त्यापुढे काहीच नाहीत.

हालचाल घेताना शिक्षकाचे डोळे उघडे असावेत. उपाशीपोटी आलेल्या मुलाला उड्या मारावयास लावू नये. जे मूल थोडक्यात धापा टाकते, वारंवार अडखळून पडते, किंवा जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर रोवून स्वतःला वर ढकलते, त्याला आळशी समजू नका, डॉक्टरांकडे पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून याच कामासाठी आहे. त्यांचे पथक शाळेत येते तेव्हा उंची-वजनाच्या आकड्यांबरोबर या मुलांची नावेही त्यांच्या हाती द्यावीत. ज्याचा पाय अधू आहे त्याला गुण लिहिणारा म्हणून ओट्यावर बसवू नये; टाळ्यांचा ठेका, सागरगोटे, चेंडू झेलणे यांत तो बरोबरीने खेळू शकतो. आणि मुलींविषयी : चौथीपर्यंत लंगडी खेळणारी मुलगी पाचवीत जाताच धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाजूला उभी दिसते. तिच्या आईशी बोलण्याचे काम ताईच करू शकतील.

शेवटचे बोलणे सरपंचताई आणि सदस्यांशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या आणि पिण्याचे पाणी यांच्याबरोबर खेळाचे मैदानही शाळेला आवश्यक म्हणून नोंदले आहे. मी ज्या शाळेतून निवृत्त झालो तिचे नाव सांगत नाही. तेथे मी रुजू झालो तेव्हा मुलांना खो-खोचे पूर्ण मैदान होते. प्रथम त्यावर सभामंडप आला. मुलांनाच सावली होईल, असे आम्ही म्हणालो. मग कडेने दुकानांचे गाळे आले. पंचायतीचे उत्पन्न वाढेल, असे ठरले. मग मोटारींना जागा हवी झाली. प्रत्येक ठरावाच्या वेळी कारण योग्यच वाटले आणि मीही सभेत गप्प बसलो. मी निवृत्त झालो त्या वर्षी लंगडीचे रिंगण वऱ्हांड्यात आखावे लागत होते.

तुमच्या गावी अजून जागा शिल्लक आहे, ती मी सकाळी पाहिली. तिची मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत, शाळेच्या नावे नोंद आहे की नाही हे पाहावे, आणि यंदाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात तिचे सपाटीकरण घालावे. काचा व गोटे वेचून टाकणे, कडुलिंबाला दोन झोके बांधणे, कडेला वाळूचा एक हौद करणे यांस फार पैसा लागणार नाही. महिला व बालकल्याणासाठी राखावयाच्या रकमेतून पंचायतीला ते करता येण्यासारखे आहे. शाळा व्यवस्थापन समितीने तसा ठराव याच महिन्यात द्यावा, अशी माझी विनंती आहे.

जेवणास अजून पंधरा मिनिटे आहेत. बाहेर लिंबाखाली पहिलीच्या मुलांनी चुन्याने रेषा आखून ठेवली आहे आणि भरलेले फुलपात्र ताईंपाशी आहे. आरंभ सरपंचताईंनी करावा. चपला येथे दाराशीच काढून ठेवाव्यात.