निसर्गनियम कुणाच्या सोयीचा?



समुपदेशन केंद्रात नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं की घरकामाचा आणि मुलांचा विषय निघतोच. मग सासरचं कुणीतरी म्हणतं, “मुलं बाईनंच सांभाळायची, हा निसर्गनियम आहे.” निसर्गाचं नाव निघालं की बाई गप्प होते. म्हणून आज निसर्गाकडेच जरा नीट बघू.

क्लाउनफिश नावाचा मासा उष्ण समुद्रातल्या प्रवाळांमध्ये राहतो. आपल्या अंदमानातही आहे. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे. डंख मारणाऱ्या समुद्रफुलात त्याचं घर असतं. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला इजा होत नाही.

एका समुद्रफुलात छोटा गट राहतो. सगळ्यांत मोठी मादी, तिच्या खालोखाल तिचा नर आणि काही लहान मासे. मादीनं खडकावर अंडी घातली की त्यांची राखण मुख्यतः नर करतो. पंखांनी पाणी खेळतं ठेवतो, खराब अंडी तोंडानं वेचून काढतो. आणि मादी मेली तर? तोच नर मादी होतो आणि लहानांतला मोठा मासा नराची जागा घेतो! हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ साली हे प्रसिद्ध केलं.

२००३ सालचा ‘फाइंडिंग निमो’ तुमच्या मुलांनी पाहिला असेल. त्यात आई मरते आणि बाप हरवलेल्या मुलाला शोधत फिरतो. खऱ्या समुद्रात तो बाप मादी झाला असता.

मग हा मासा आपला आदर्श मानायचा का? मुळीच नाही. तिथे मादी धाकदपटशानं इतरांना दाबून ठेवते. तसं घर आपल्याला नको. सांगायचं इतकंच, की निसर्गात हवा तो दाखला सापडतो. ज्याला जो सोयीचा, तो त्याला ‘नियम’ म्हणतो.

मूल पोटात वाढवणं, अंगावर पाजणं हे बाईच्या शरीराशी बांधलेलं आहे. पण शाळेचा डबा, तापातलं जागरण, सासऱ्यांचं पथ्यपाणी यांना गर्भाशय लागत नाही. ही कामं कुणी करायची ते माणसं ठरवतात. म्हणूनच ती वाटून घेता येतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी निसर्गनियम सांगितला, तर गप्प बसू नका. शांतपणे विचारा, “कुठल्या प्राण्याचा? आणि त्यात आराम कुणाला मिळतो?”