न लिहिलेले शून्य



संगणकावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आम्ही हे शास्त्र महाविद्यालयात शिकलो नाही. पगारपत्रकाच्या भांडणात शिकलो.

एका कारखान्यात काही कामगारांच्या पगारचिठ्ठीवर जादा कामाचे तास शून्य छापून आले. माणसे रात्री थांबलेली, हजेरीपटावर सह्या केलेल्या. दुसऱ्या काहींच्या साडेतीन तासांचे तीन झाले होते. साहेब म्हणाले, "यंत्र खोटे बोलत नाही." ते खरेच होते. यंत्राला कोणी काही सांगितलेच नव्हते!

हिशेबाची जुनी आज्ञावली 'सी' भाषेत होती. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. तीत आकडा ठेवायला नाव दिलेला खण असतो, त्याला चल म्हणतात. सर्व फंक्शनांच्या बाहेर मांडलेला चल तो सार्वत्रिक. त्याला आरंभीची किंमत दिली नाही, तर भाषेच्या नियमाने तो शून्यापासून सुरू होतो. फंक्शनच्या आतल्या साध्या चलाला ही सवलत नाही; त्यात मागच्या कामाचे उष्टे काहीही सापडेल. सार्वत्रिक खण काम सुरू होण्यापूर्वी एकदाच पुसायचे असतात. आतले खण दर खेपेला पुसायचे तर वेळ जातो. बचतीची ही दृष्टी आम्हांला फार ओळखीची वाटली.

आणि चलाचा प्रकारच लिहिला नाही तर? जुन्या 'सी'मध्ये तो मुकाट्याने पूर्णांक धरला जाई. आधीच्या 'बी' भाषेत प्रकार नव्हतेच, त्याचा हा वारसा. १९९९च्या मानकाने ही मुभा काढली. पण जुने कंपायलर जुन्या आज्ञावल्या घेऊन चालतच राहिले.

आमच्या एका सभासदाच्या मुलाने ती आज्ञावली आमच्याबरोबर बसून ओळीओळीने वाचली. जादा तासांच्या सार्वत्रिक खणांची एकच ओळ होती. तीत प्रकार नव्हता, म्हणून अर्धा तास गळला. किंमतही नव्हती, म्हणून ज्यांची नोंद करायची राहिली त्यांचे खण शून्यच राहिले. काम न केलेला आणि नोंद न झालेला, दोघे कागदावर सारखेच!

आम्ही मागणी केली: प्रकार अपूर्णांकाचा लिहा, आरंभी उणे एक ठेवा, आणि उणे एक दिसले की चिठ्ठी छापू नका, आधी हजेरीपट पाहा. ती मान्य झाली. बुडालेल्या तासांची थकबाकी मिळाली. अर्ध्या तासांचे भांडण अजून चालू आहे. जुने हजेरीपट संघटनेच्या कपाटात आहेत.