अपयशानंतरची सिद्धता
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही कन्या परिचारिका होऊन अमेरिकेस जाण्याची उमेद बाळगून आहेत. त्यांच्यासाठी एका अपयशाची हकीकत सांगण्याची अनुज्ञा असावी. ते अपयश आमचेच आहे. तेथील परवान्यासाठी ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पहिल्या खेपेस आम्ही अनुत्तीर्ण झालो.

किमान 45 दिवस लोटल्यावर या परीक्षेस पुन्हा बसता येते. तितके दिवस भरताच बसावे, असा घरच्यांचा आग्रह. आमचे मन मात्र कचरत होते. सिद्धता झाली हे ओळखावे तरी कसे?

मनाला विचारून ते कळत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. येथे संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढील प्रश्न निवडतो. उत्तर बरोबर आले की अधिक कठीण, चुकले की सोपा. प्रश्न 85 ते 150, अवधी 5 तासांचा. त्यामुळे चांगल्या उमेदवाराचेही पुष्कळ प्रश्न चुकतात. तेव्हा भीती वाटणे म्हणजे तयारी अपुरी, असे मुळीच नव्हे.

मग आम्ही अनुत्तीर्णांस मिळणारा अहवाल पुढे घेतला. कोणत्या विषयात आपण अपेक्षित पातळीच्या वर, जवळ वा खाली आहोत, हे त्यात असते. त्यावरून उमगले की आमचे पाठांतर होते, विचार नव्हता. मधुमेही रोगी घामाघूम होऊन असंबद्ध बोलतो आहे आणि शस्त्रक्रिया झालेला शेजारी वेदनेने हाका मारतो आहे. आधी कोणाकडे जावे? आम्ही हाकेकडे धावलो असतो. परंतु रक्तातील साखर फार उतरली तर मेंदूस इजा होते. म्हणून आधी मधुमेह्याकडेच गेले पाहिजे.

पुढे आम्ही दोन कसोट्या ठरविल्या. योग्य उत्तर का योग्य आणि उरलेली का अयोग्य, हे दुसऱ्यास समजावता यावे. आणि घड्याळ लावून 5 तास बैठक टिकावी. या दोहोंस सातत्याने उतरल्यावरच आम्ही तारीख घेतली. भीती त्या दिवशीही सोबत होतीच. तथापि आम्ही उत्तीर्ण झालो.

पालकांस एकच विनंती. शुल्क पुन्हा भरावे लागते, हे खरे. तरी ‘परीक्षा कधी?’ असे न विचारता ‘आज काय नवे समजले?’ असे मुलीस विचारावे. उद्या तिच्या हाती कुणाचा तरी जीव सोपविला जाणार आहे. चार महिने अधिक लागले तर त्यात कमीपणा कसला?