मंगळाच्या आकाशाचा रंग

२० जुलै १९७६ रोजी अमेरिकेचे व्हायकिंग-१ हे यान मंगळावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पाठविलेले रंगीत छायाचित्र जगापुढे आले. खाली तांबूस माती, विखुरलेले दगड आणि वर निळसर आकाश! परका ग्रह एकाएकी ओळखीचा वाटू लागला. पुढे शास्त्रज्ञांनी यानावरील रंगपट्टीशी ते चित्र ताडून पाहिले, तेव्हा मंगळाचे दिवसाचे आकाश निळे नाही, तेथील हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म धुळीमुळे ते फिकट गुलाबी-पिवळसर दिसते, असे निष्पन्न झाले. ही दुरुस्ती जाहीर होताच जमलेल्या पत्रकारांनी नापसंतीचा गलका केला. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाने या प्रसंगाची नोंद करून ठेवली आहे. मनुष्याला सत्यापेक्षा ओळखीची वस्तू अधिक आवडते, हे त्या गलक्याने दाखवून दिले.

मंगळाची छायाचित्रे हौसेने जुळविणाऱ्या, रंगविणाऱ्या आणि त्यांवर तासन् तास चर्चा करणाऱ्या मंडळींची खरी परीक्षा याच ठिकाणी होते. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु त्या हौसेलाही एक शिस्त लागते, आणि ती शिस्त समजून घेण्यासारखी आहे.

या हौशी परंपरेला बहर आला तो २००४ साली. त्या वर्षी ४ जानेवारीला 'स्पिरिट' आणि २५ जानेवारीला 'ऑपॉर्च्युनिटी' ही दोन फिरती याने, म्हणजे रोव्हर, मंगळावर उतरली. मोहिमेचे प्रमुख वैज्ञानिक स्टीव्ह स्क्वायर्स व त्यांचे सहकारी यांनी कच्ची छायाचित्रे पृथ्वीवर पोचताच इंटरनेटवरून सर्वांना खुली केली. आपले निबंध प्रसिद्ध होईपर्यंत हाती आलेली सामग्री झाकून ठेवावी, ही संशोधकांची पूर्वापार रीत. ती मोडणे धाडसाचेच होते. परिणाम असा झाला, की दिवसभराची नोकरी आटोपून घरच्या संगणकापुढे बसणारा मनुष्यही मंगळावरील दगडधोंडे जवळजवळ शास्त्रज्ञांच्या बरोबरीनेच पाहू लागला. अशा मंडळींपैकी ब्रिटनमधील डग एलिसन हे तर पुढे अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत, रोव्हरांच्या कॅमेऱ्यांचेच काम पाहू लागले. २०१२ साली 'क्युरिऑसिटी' आणि २०२१ साली 'पर्सिव्हिअरन्स' मंगळावर उतरल्यानंतरही छायाचित्रे खुली करण्याची ही प्रथा चालू राहिली.

या कामाचे स्वरूप वर्तमानपत्राच्या वाचकांना सहज कळेल. रंगीत छपाईत एकेका रंगाचा ठसा कागदावर एकावर एक उमटतो. एखादा ठसा केसभर सरकला, की ओठांची लाली हनुवटीवर उतरते. स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी यांच्या मुख्य कॅमेऱ्यांची रीत काहीशी अशीच होती. त्यांना स्वतःला रंग ओळखता येत नसे. त्यांच्यापुढे निरनिराळ्या काचांचे एक चक्र फिरे आणि प्रत्येक काचेतून एक कृष्णधवल चित्र घेतले जाई. १,०२४ बिंदू लांब आणि तितकेच रुंद. तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेतून घेतलेली तीन चित्रे एकमेकांवर नेमकी बसविली, की रंगीत चित्र सिद्ध होई. मात्र तीन चित्रांच्या दरम्यान थोडा वेळ जाई. तेवढ्यात सावली सरके आणि तिच्या कडेला रंगांची झालर दिसू लागे. नवशिक्याला ती झालर अद्भुत वाटे. जाणता मनुष्य चित्रे घेतल्याच्या वेळा पाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. पुष्कळदा तांबड्या काचेऐवजी डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची काच वापरलेली असे. दगडांतील भेद ओळखण्यास ती भूशास्त्रज्ञांना उपयोगी पडे. यानाच्या पाठीवर एक लहानसे सूर्यघड्याळ होते व त्याच्या चार कोपऱ्यांत निळा, हिरवा, तांबडा व पिवळा असे रंगांचे तुकडे बसविलेले होते. अवरक्त काच वापरलेल्या चित्रांत त्यांतील निळा तुकडा चक्क गुलाबी दिसे! २००४ साली त्यावरून काहींनी ओरड केली, की मंगळाचे खरे रंग जगापासून लपविले जात आहेत. जाणत्या हौशी मंडळींनी या आरोपाला कोणती काच, कोणते किरण आणि निळे रंगद्रव्य अवरक्त प्रकाशात उजळ का दिसते, हे समजावून सांगून उत्तर दिले. शिवाय कच्च्या चित्रांचा उजेड यंत्राकडून आपोआप ताणला जाई. त्यामुळे तीन चित्रांतील उजेडाचे परस्परप्रमाण बिघडे. मोजमापांनी शुद्ध केलेली सामग्री काही महिन्यांनंतर मिळे. म्हणून विवेकी मनुष्य आपल्या चित्राखाली 'रंग अंदाजे' असे लिही. आणि वरचे रिकामे आकाश स्वतः भरले असेल, तर तेही सांगे.

चर्चेतही हाच विवेक लागतो. जानेवारी २०१४ मध्ये ऑपॉर्च्युनिटीसमोर एक लहानसा दगड दिसला. कडेने पांढरा, मधोमध लाल. काही दिवसांपूर्वीच्या छायाचित्रात ती जागा मोकळी होती. मग काय, कल्पनांना ऊत आला. परंतु पुढच्या छायाचित्रांशी मेळ घालता उलगडा झाला, की रोव्हरच्याच चाकाखाली एक दगड फुटून त्याचा तुकडा पुढे ढकलला गेला होता.

अशा धीराने केलेल्या कामाला मोठे फळही येते. सोव्हिएत संघाचे 'मार्स-३' हे यान २ डिसेंबर १९७१ रोजी मंगळावर अलगद उतरले. पण काही सेकंदांतच त्याचा आवाज कायमचा बंद पडला. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने २००७ साली त्या भागाचे १८० कोटी बिंदूंचे प्रचंड छायाचित्र घेतले होते. रशियातील क्युरिऑसिटीप्रेमींनी, व्हिताली येगोरोव्ह यांच्या पुढाकाराने, २०१२ च्या अखेरीस ते इंच इंच चाळले. हवाई छत्री, उष्णतेची ढाल आणि यान ही वरून केवढी दिसतील, याचे हिशेब त्यांनी आधीच करून ठेवले होते. जुळणाऱ्या खुणा सापडल्यावर त्यांनी तज्ज्ञांना विचारले; मार्च २०१३ मध्ये त्या जागेचे पुन्हा छायाचित्र घेण्यात आले. एप्रिलमध्ये बातमी प्रसिद्ध झाली, तीही 'ते यान असण्याचा संभव आहे' अशा सावध शब्दांत.

आपल्या देशातही याच जातीचे एक उदाहरण घडले, मात्र ते चंद्राविषयीचे. चांद्रयान-२ चे 'विक्रम' ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरताना कोसळले. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यम् यांनी अपघातापूर्वीची व नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून बिंदू न् बिंदू ताडला, एक नवा ठिपका हेरला आणि तो नासाला कळविला. २ डिसेंबर २०१९ रोजी नासाने त्या शोधाला दुजोरा देऊन त्याचे श्रेय त्यांना दिले.

आज कॅमेऱ्याशिवायही हुबेहूब चित्र बनविता येते. अशा काळात ज्या चित्राचा माग मूळ सामग्रीपर्यंत कोणालाही काढता येतो, त्या चित्राची किंमत वाढली आहे. हौशी मंडळींच्या कामाचे महत्त्व येथे आहे: चित्र कसे केले ते सांगणे, दुसऱ्याला तेच करून पाहू देणे आणि चूक निघाल्यास चित्र बदलणे. शाळेत एखादा संगणक असेल, तर मुलांनाही तीन कृष्णधवल चित्रांपासून हा पाठ गिरविता येईल.

ऑपॉर्च्युनिटीचे अखेरचे विस्तीर्ण चित्र या दृष्टीने पाहावे. १३ मे ते १० जून २०१८ या काळात घेतलेल्या ३५४ छायाचित्रांतून ते जुळविले गेले. त्याच सुमारास ग्रहव्यापी धुळीचे वादळ उठले, सूर्यप्रकाश अडला आणि रोव्हर कायमचे मूक झाले. डाव्या बाजूस खाली काही चौकटींसाठी हिरव्या व जांभळ्या काचांतून चित्रे घ्यायची राहून गेली होती. शेजारच्या मातीचा रंग उचलून त्या भरून काढणे सोपे होते. परंतु चित्र प्रसिद्ध करताना त्या चौकटी होत्या तशाच, कृष्णधवल, ठेवण्यात आल्या.