भरवशाची गाडी कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)

मैत्रिणींनो,

आपल्यापैकी कुणी मोटारसायकल घ्यायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "रस्त्यात बंद पडली तर काय करशील?" भावाला हे कुणी विचारत नाही. तो ढकलत नेईल, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. म्हणजे गाडी भरवशाची की दगा देणारी, हे नुसतं इंजिनावर ठरत नाही. रस्त्याकडेला एकटं उभं राहण्याची भीती कोणाला आहे, त्यावरही ठरतं. आणि ही भीती खोटी नाही. अंधारात गाडी थांबली की बाईच्या मनात गाडीच्या आधी माणसांचा विचार येतो.

म्हणून भरवशाच्या गाडीला मी नावं ठेवणार नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर बदलायचे नाहीत, साडी नेसूनही चालवता येई. पुढच्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली. तिची जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा! जिच्या डोक्यात डबे, पाणी, मुलं आणि नोकरी एकाच वेळी असतात, तिला एक तरी गोष्ट विसरता येणं केवढं सुख! लुनाने आणि या गाड्यांनी कित्येक जणींना नवऱ्याच्या मागच्या सीटवरून उतरवलं.

पण बाईने घराबाहेर पडायला कारण लागतं. दवाखाना, रेशन, मीटिंग. गाडीसुद्धा 'कामासाठी' म्हणूनच मिळते. घाटातल्या वळणावर गाडी कलते, पोटातून आवाज घुमतो, कुठे पोचायचंच नसतं, ही मजा हिशेबात धरलीच जात नाही. एखादी म्हणाली की मला बुलेट आवडते, की लोक हसतात. मग तेलगळती निघते, किक निघते.

जुन्या बुलेटखाली तेलाचा डाग पडायचा, खरं आहे. तिच्या क्लचच्या बाजूचं मोठं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं. गळतंय म्हणून पुरुषी जोराने नट आवळला की झाकण वाकतं आणि तेल आणखी गळतं! किकचंही तेच. किक हळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक किंचित पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, मग पूर्ण किक. इथे वजनापेक्षा हात बसणं महत्त्वाचं. पण ही रीत पोरींना कोण सांगतं? गॅरेजच्या बाकावर बसायची आपल्याला सवयच नाही.

१९३४ च्या डिसेंबरात थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी लंडनहून पँथर मोटारसायकलला साइडकार जोडून निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून १९३५ मध्ये केपटाउनला पोचल्या. वाटेत इंजिन उघडून पुन्हा बांधावं लागलं. वॉलक पुढे युद्धकाळात ब्रिटिश सैन्यात मेकॅनिक झाली.

तेव्हा आपल्या संस्थांनी गाडी घेताना मायलेजबरोबर हेही विचारावं, की चालवणारीला ती आवडते का? आणि दुरुस्तीचं शिक्षण खर्चात धरावं. आज जेवणानंतर प्लग काढून साफ करायचा आहे, मग क्लचची केबल बदलू. पाने आणलेत. जुने कपडे घालून या. हात काळे होतील.